स्ट्रँडमधील शेवटची फेरी

फेब्रुवारी २०१८. माझ्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते. फोर्टमधील आमच्या शाखेत दुपारच्या चहाबरोबर बातमी आली की, सर फिरोजशहा मेहता मार्गावरील ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ महिनाअखेर कायमचे बंद होत आहे. त्या संध्याकाळी नेहमीची लोकल सोडून मी तिकडे वळलो.

हे दुकान टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहातील एका कोपऱ्यात सुरू केले. पुढे ते फोर्टमध्ये आले, तरी नाव तेच राहिले. विद्यार्थिदशेत एका पुस्तकांच्या दुकानात नुसते पुस्तक चाळले म्हणून शानभागांना अपमान सोसावा लागला होता. आपल्या दुकानात कोणालाही पुस्तक हातात घेऊन मनसोक्त पाहता यावे, हा निश्चय त्यातून जन्मला. शिवाय पुस्तकाच्या छापील किमतीवर वीस टक्के सूट, तीही न मागता. २००३ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. ग्रंथविक्रेत्याच्या वाट्याला असा सन्मान क्वचितच येतो. २००९ मध्ये ते निवर्तले.

माझा या दुकानाशी संबंध आला १९८१ साली. नोकरी नवी, पगार बेताचा आणि बँकेची खात्यांतर्गत परीक्षा तोंडावर आलेली. अर्थशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ हवा होता, पण त्याची किंमत परवडणारी नव्हती. म्हणून जेवणाच्या सुटीत तेथे जाऊन, उभ्याने वाचून, कागदाच्या चिठोऱ्यांवर टिपणे काढण्याचा क्रम मी ठेवला. चार दिवस निभावले. पाचव्या दिवशी दुकानातील एक सहायक माझ्याकडे येताना दिसला आणि मी पुस्तक मिटले. त्याच्या हातात स्टूल होते. ते माझ्यापाशी ठेवून तो एवढेच म्हणाला, “उभ्याने लिहिलेलं नंतर वाचता येत नाही, साहेब.” मला ‘साहेब’ म्हणणारा तो मुंबईतील पहिला माणूस. पगार झाल्यावर तो ग्रंथ मी विकत घेतला. आजही तो माझ्या कपाटात आहे.

पण हे लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे.

१९९४ च्या सुमारास मी काउंटरवरील अधिकारी होतो. व्यवहाराची वेळ संपून पाचच मिनिटे झाली असतील. एक वृद्ध विधवा निवृत्तिवेतनासाठी आली. रोखपालाने हिशेब मिटवायला घेतला होता. मी म्हणालो, “वेळ संपली, उद्या या.” नियमाने मी बरोबर होतो. त्या बाई काही बोलल्या नाहीत. पासबुक कापडी पिशवीत ठेवले, पिशवीचे तोंड दोन वेळा पिळले आणि सावकाश पायऱ्या उतरून गेल्या.

त्याच संध्याकाळी मुलीसाठी एक पुस्तक घ्यायचे होते. स्ट्रँडपाशी पोहोचलो तेव्हा शटर अर्धे खाली आले होते. मी परत फिरणार, तोच आतल्या माणसाने शटर वर सरकवले. “या, कुठलं पुस्तक हवंय?” त्याने दिवे पुन्हा लावले, पोटमाळ्यावर जाऊन पुस्तक शोधून आणले, सूट वजा करून पावती केली. मी आभार मानले खरे, पण त्याच्या नजरेला नजर देता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बाई पुन्हा आल्या. दोन गाड्या बदलून येतात, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, दारात उभ्या असलेल्या माणसाला मी घड्याळ दाखवले नाही.

शेवटच्या फेरीच्या वेळी कपाटे निम्मी रिकामी होती आणि गर्दी मात्र पूर्वी कधी पाहिली नव्हती एवढी. स्टूल देणारा सहायक तेथे नव्हता. त्याच्याबद्दल विचारायला मला त्याचे नावही ठाऊक नव्हते.

अलीकडे बारामतीला गेलो असता ही हकिकत पुतण्याला सांगितली. त्याचे तयार कपड्यांचे दुकान आहे. तो वैतागलेला होता. “काका, लोक येतात, दहा कपडे अंगावर घालून बघतात आणि मोबाइलवरून मागवतात. कपडे घालून बघायच्या खोलीला कुलूप लावावंसं वाटतं.” माझे सांगून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, “पण काका, ते दुकान शेवटी बंदच पडलं ना?”

त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. त्याचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता आणि रास्त होता. चांगल्या वागणुकीने दुकान तरतेच, असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. बँकेत प्रामाणिक माणसांचे धंदे बुडताना मी पाहिले आहेत. मात्र सत्तर वर्षे चाललेले ते दुकान एका स्टुलापायी बंद पडले नाही, हेही तितकेच खरे. नफा-तोटा बाजाराच्या हाती असतो. दारात आलेल्या माणसाला कसे वागवायचे, हे मात्र गादीवर बसणाऱ्याच्या हाती राहते, दुकान उघडण्याच्या दिवशी आणि बंद करण्याच्या दिवशीही.

पुतण्याला मी एवढेच सांगितले. तो काही बोलला नाही. त्या खोलीला कुलूप लागले की नाही, हे मी फोनवर विचारलेले नाही. पुढच्या महिन्यात जाणारच आहे, तेव्हा दिसेल.