एंजिनाचा कोंडलेला श्वास

गतवर्षीं उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या जुन्या मोटारीचें एंजिन मीं संपूर्ण उघडवून दुरुस्त करविलें. नवे पिस्टन व नव्या रिंगा बसल्या, आणि गांठचा पैकाही सरला. परंतु चारच दिवसांत एंजिनाच्या बुडाशीं तेल ठिबकूं लागलें. तेल मोजण्याची पट्टी आपोआप वर उचललेली आढळूं लागली. "मिस्त्रींनीं आपणांस फसविलें!" असें मी मुलांदेखत बोलून गेलों.

वृद्ध मिस्त्री शांतपणें म्हणाले, "मास्तरसाहेब, दोष माझा ठरला तर एंजिन फुकट उघडीन. पण आधीं तपासूं."

विद्यार्थिमित्रहो, जळलेल्या वायूचा कांहीं अंश रिंगांच्या फटींतून खालीं क्रँककेसमध्यें उतरतोच. नव्या रिंगा सिलिंडरशीं घोटून जुळेपर्यंत तो थोडा अधिकच असतो. त्यास बाहेर पडण्यास एक नळी असते. पूर्वी हा वायु उघड्यावर सोडीत. 1960 च्या दशकांत तो झडपेच्या द्वारें पुन्हा एंजिनांतच ओढून जाळण्याची पद्धत रूढ होऊं लागली. तेव्हां दाब वाढण्याचीं मुख्य कारणें दोन: येणारा वायु फार, किंवा जाणारी वाट बंद. मग तेल मिळेल त्या सांध्यांतून बाहेर पडतें.

मिस्त्रींनीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकानें घेतला. चारही आंकडे चांगले व जवळजवळ सारखे आले. "एखादा उणा आला असता," ते म्हणाले, "तर त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हा मोजला असता. तेलानें आंकडा वाढला तर दोष रिंगांचा. न वाढला तर बहुधा व्हाल्व्हचा." नंतर त्यांनीं ती नळी सोडविली व पंपानें हवा मारून पाहिली. हवा जाईना! आंत जुन्या तेलाचा गाळ घट्ट बसला होता.

मीं मान खालीं घातली. ती नळी बदलण्यास त्यांनीं आरंभींच सुचविलें होतें. थोडे रुपये वांचविण्यासाठीं "जुनीच राहूं द्या" असा हट्ट माझाच होता.

नवी नळी लागतांच पट्टी जागेवर राहिली व ठिबकणेंही थांबलें. त्या सायंकाळीं मिस्त्रींना घरीं बोलावून, ज्या मुलांसमोर मीं त्यांच्यावर आळ घेतला, त्यांच्याच समोर मीं त्यांची क्षमा मागितली. रात्रीं कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळीं धाकट्यानें मिस्त्रींचें नांव आपण होऊन घेतलें. कोणावर दोष ठेवण्यापूर्वी मापक लावून पाहावें, हा धडा वर्गांत मीं अनेकदां शिकविला होता; शिकलों मात्र त्या दिवशीं.