डोक्याचा घेर

आपल्या डोक्याचा घेर किती, हे मध्यमवर्गीय माणसाला सहसा ठाऊक नसतं. कमरेचा ठाऊक असतो, कारण शिंपी तो अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. छातीचा बनियनवर छापलेला असतो. डोक्याचं माप मात्र आयुष्यात एकदाच, लग्नात, फेटेवाला घेतो आणि तेही नुसत्या नजरेनं.

आमच्या भाच्याच्या डोक्याचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर आहे. भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोकं सगळ्यात जास्त फुगलंय तिथून, ताईच्या शिवणकामाच्या टेपनं, मी स्वतः मोजलाय. तीनदा मोजला. चोवीस वर्षं बँकेत नोटा मोजल्यावर एकदा मोजून समाधान होत नाही.

त्याचं असं झालं, की भाचा चाकणला एका कारखान्यात चिकटला, त्यानं हप्त्यांवर गाडी घेतली आणि आता ती गाडी त्याला कोइमतूरला नेऊन पळवायची होती. कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे नावाचा दोन किलोमीटरहून थोडा मोठा ट्रॅक आहे. २००३ साली सुरू झालेला. 'करी' हे करिवर्धन या शर्यतबहाद्दर उद्योगपतीच्या नावातलं. (आमची ही बराच वेळ ते खाण्याचं ठिकाण समजत होती.) तिथं काही दिवस हौशी मंडळींसाठी असतात. आपली गाडी आणायची, फी भरायची आणि गोल गोल फिरायचं. शर्यत नाही, बक्षीस नाही.

"म्हणजे," भाऊजी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "हजारावर किलोमीटर गाडी चालवत जायचं, आणि तिथं पोचल्यावर गाडी चालवायची?"

भाऊजी दिवसातून एकच वाक्य बोलतात. त्या दिवसाचं ते झालं.

ताईनं परवानगी दिली, पण अट घातली. "हेल्मेट मामा निवडेल." का, तर "तो बँकेत आहे." आमच्या घराण्यात हे कारण गॅस गीझरपासून नवऱ्यामुलापर्यंत कशाच्याही निवडीला चालतं. बँकेतल्या माणसाला सगळ्यातलं कळतं अशी एक समजूत आहे. बँकेत एकदा काम करून पाहिलं की ती जाते.

त्यातून मी पुणेकर. हेल्मेट ही वस्तू आमच्याकडे डोक्यावर कमी आणि डोक्यात जास्त असते. जानेवारी २०१९ मध्ये सक्ती जोरात सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला होता. बाकी वेळी हेल्मेटात कोथिंबीर आणि मटार फार छान राहतात. तेव्हा आमचा या विषयातला अनुभव मुख्यतः भाजीचा.

आम्ही आधी नाना पेठेत गेलो. दुकानदारानं विचारलं, "कुठली गाडी?"

"चारचाकी."

तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. "साहेब, चारचाकीला छप्पर येतं."

त्याचंही बरोबर होतं. भाचा म्हणाला, "मामा, माझ्याकडे बाइकचं आहेच की. आय.एस.आय.चं आहे, फुल फेस आहे. आयोजकांना ते चालतं. तेच नेतो आणि उरलेल्या पैशांत टायर घेतो." टायर म्हणताना त्याचा चेहरा असा उजळला, की याच्या लग्नाचं काही जमेल की नाही अशी मला शंका आली.

इथं कुणीही शहाणा माणूस फाइल बंद करून मोकळा झाला असता. पण माझी अडचण अशी आहे, की मला बारीक अक्षरातला मजकूर वाचल्याशिवाय राहवत नाही. फॉर्मची मागची बाजू वाचणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी मी एक आहे. आठवडाभर मी हेल्मेटांच्या आतली लेबलं वाचली. आय.एस. ४१५१ हे आपलं मानक दुचाकीस्वारांसाठी आहे, हे त्यात कळलं. आणि दुसरं एक नाव सारखं भेटत होतं. स्नेल.

मला वाटलं, कंपनी असेल. माणूस निघाला. पीट स्नेल नावाचा अमेरिकेतला हौशी शर्यतवाला. १९५६ साली गाडी उलटून डोक्याला मार लागून गेला. आता गंमत नाही ती इथं. त्यानं हेल्मेट घातलेलं होतं. त्या काळात उत्तम म्हणून विकलं जायचं तसलं. ऐन वेळी त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा त्याच्या मित्रांनी, डॉक्टर आणि शर्यतवाल्यांनी, १९५७ साली त्याच्या नावानं संस्था काढली. काम एकच, हेल्मेटं आपटून, आपटून पाहायची. आपल्याकडे मित्र गेला की शोकसभा होते आणि चौकाला नाव द्यायचं ठरतं. या मंडळींनी त्याचं नाव टोपीच्या आत, गादीखाली चिकटवलं, अनुक्रमांकासकट. मला ते आवडलं. अनुक्रमांक तर फारच आवडला.

तर या स्नेलवाल्यांच्या लेबलावर अक्षरं असतात. एम म्हणजे मोटरसायकल. एसए म्हणजे मोटारीच्या शर्यतींसाठी. हे मी रविवारी ताईकडे पोह्यांवर समजावून सांगत होतो. मोटरसायकलवाला पडला तर रस्त्यावर आपटतो, आणि बहुधा सुटून लांब जातो. मोटारवाला सुटत नाही. तो आतल्या आत आपटत राहतो. शर्यतीच्या गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, तिथं तर डोकं त्याच नळीवर पुन्हा पुन्हा लागू शकतं, म्हणून एसएची तशी वेगळी चाचणी होते.

"माझ्या गाडीत पिंजरा नाहीये," भाचा घाईनं म्हणाला. पुढच्या वर्षी तो बसवायचा बेत आहे हे मला माहीत होतं. ताईला माहीत नव्हतं. मी पोहे खाल्ले.

"आणखी काय फरक?" ताईनं विचारलं.

"एसएला आगीचीही चाचणी असते. बाहेरचं कवच आणि आतलं अस्तर सहज पेटू नये म्हणून. एमला ती नसते."

ताई उठून ओट्यापाशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "नायलॉनची साडी नेसून मी कधी गॅसपाशी उभी राहत नाही. आईनं शिकवलंय. हा डोक्यालाच नायलॉन गुंडाळून पेट्रोलच्या गाडीत बसणार?"

आठवडाभराच्या माझ्या अभ्यासाचा निकाल तिनं कांदा चिरता चिरता लावला. भाचा टायरचं नाव काढायला तोंड उघडत होता, ते त्यानं पोहे भरून बंद केलं.

एसए हेल्मेटाची किंमत पाच आकडी होती. बँकेत सात-आठ आकडी रकमा रोज हातून जातात, पण त्या दुसऱ्याच्या असतात. मुंबईच्या दुकानात मी विचारलं, "इतक्या पैशांत आत आहे तरी काय?" विक्रेत्यानं गादी बाजूला करून दाखवलं. थर्माकोल! ज्या थर्माकोलच्या मखरांवर २०१८ साली महाराष्ट्रात बंदी आली, त्याचाच जरा कडक चुलतभाऊ. धक्का बसला की तो चेपतो, आणि तो चेपतो म्हणून डोकं वाचतं. पण एकदा चेपलेला पुन्हा फुगत नाही. म्हणजे एका अपघातानंतर हेल्मेट बाद, वरून चकचकीत दिसलं तरी. म्हणूनच हे कधी सेकंडहँड घ्यायचं नाही. शिवाय काहीच झालं नाही तरी पाच वर्षांनी बदलावं असं स्नेलवाले सांगतात. म्हणजे व्याज नाही, मुद्दल परत नाही, आणि ठेव मोडण्याची वेळ येऊ नये म्हणून देवाला नारळ. अशी योजना आमच्या बँकेनं काढली असती तर मीसुद्धा पैसे ठेवले नसते.

निवड करताना मात्र किमतीनं काही उपयोग नाही हे कळलं. सगळ्यात महागडं हेल्मेट भाच्याच्या कपाळावर दोन मिनिटांत टोचायला लागलं. डोकी गोल असतात, लांबट असतात, आणि हेल्मेटंही तशीच. भाच्याचं लांबट, भाऊजींवर गेलेलं. तिसरं घातलं तेव्हा गाल असे दाबले गेले की तो जिलबी तोंडात धरून बोलतोय असं वाटावं. विक्रेता म्हणाला, "आता बरोबर." पट्टा बांधून मान हलवली, तर कपाळाची कातडी हेल्मेटाबरोबर हलली. मागून वर ओढून पाहिलं. निघालं नाही. मग मी त्याला पंधरा मिनिटं तसंच बसवून ठेवलं. बिल होईपर्यंत तो त्यातून काहीतरी बोलत होता. बहुधा टायरबद्दल असावं.

भाचा कोइमतूरला जाऊन आला. हेल्मेटावर ओरखडासुद्धा नाही. ताईनं ते पुसून, पिशवीत घालून कपाटात वर ठेवलं. भाजीला हात लावू दिला नाही. मग मला फोन केला. "पाच वर्षांनी बदलायचं म्हणालास ना? तारीख तुझ्या डायरीत लिहून ठेव. हा विसरेल."

मी लिहिली. माझ्या मुदतीच्या डायरीत लॉकरचं भाडं आणि ताईची ठेव यांच्यामध्ये जागा होती.