ब्विंडीला निघण्याआधी

चि. शंतनू,


युगांडाचा बेत पक्का झाला आणि गोरिलांचा परवानाही निघाला, हे वाचून आनंद झाला. मर्चिसन धबधब्याबद्दल काही सांगायला नको. अख्खी नाईल तिथे जेमतेम ७ मीटर रुंदीच्या खडकाच्या फटीतून ४३ मीटर खाली कोसळते. ते नुसतं पाहावं. ब्विंडीच्या जंगलाची हकीकत मात्र आधी माहीत असलेली बरी.

हे जंगल युगांडाच्या नैर्ऋत्य टोकाला, काँगोच्या सीमेला चिकटून आहे. क्षेत्रफळ अवघं ३२१ चौरस किलोमीटर. जगात पर्वतीय गोरिला उरलेत हजाराहून थोडे जास्त. २०१८च्या गणनेत त्यांपैकी ४५९ ब्विंडीत आणि त्याला लागून असलेल्या काँगोतल्या साराम्ब्वे जंगलात आढळले. बाकीचे विरुंगाच्या डोंगरांत. प्राणिसंग्रहालयात यांतला एकही नाही.

जंगल संपतं तिथेच शेत सुरू होतं. डोंगरउतारावर केळी, मका, घेवडा, रताळी. गोरिलांना केळीच्या खोडातला गाभा फार आवडतो. ते शेतात शिरतात, खोड फाडतात, गाभा खातात. त्यांना हुसकावायला माणसं जुनेपाने कपडे चढवून बुजगावणी उभी करत.

१९९६ साली इथल्या एका कळपातल्या गोरिलांचे केस झडू लागले, कातडी खपलीदार झाली. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ही तरुण पशुवैद्य नुकतीच सरकारी वन्यजीव खात्यात रुजू झाली होती. तिने एका माणसांच्या डॉक्टरला विचारलं, माणसांमध्ये असा त्वचारोग सर्रास कोणता दिसतो? उत्तर आलं, खरूज. तीच निघाली. एक पिल्लू दगावलं. बाकीचे औषधाने वाचले. कळप गावाच्या शेतात यायचा, आणि ज्या घरांत पुरेसं पाणी आणि साबण नाही त्या घरांतले कपडे बुजगावण्यांच्या अंगावर होते.

ग्लॅडिसने यातून काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. गोरिला निरोगी हवे असतील तर शेजारच्या गावातलं मूलही निरोगी हवं. २००३ साली तिने नवऱ्याच्या आणि एका सहकाऱ्याच्या साथीने याच कामासाठी संस्था काढली. गावातलेच स्वयंसेवक घरोघर जाऊन क्षयाच्या खोकल्याची चौकशी करतात, हात धुण्याबद्दल, कुटुंबनियोजनाबद्दल बोलतात. गोरिला शेतात आले होते का, हेही त्याच भेटीत विचारतात. गोरिला रोज संध्याकाळी पानाफांद्यांचं नवं अंथरूण करून झोपतात. सकाळी ते उठून गेले, की त्या अंथरुणातली विष्ठा गोळा करून तपासली जाते. जंतू माणसाकडून आले की काय, हे तिथे कळतं.

म्हणूनच तिथले नियम कडक आहेत. एका कळपाजवळ दिवसातून ८च पर्यटक, तेही एकच तास. तोंडाला मास्क, किमान १० मीटरचं अंतर. सर्दी-खोकला असेल तर सोडत नाहीत, आणि तेच योग्य आहे. ताडोबात तू जिप्सीत बसून वाघ पाहिलास. इथे पायीच चढायचं, चिखलातून, वेलींतून, कधी तासाभरात तर कधी दुपार होईपर्यंत.

परवान्याला परदेशी माणसाला ८०० डॉलर पडतात. उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला २० टक्के वाटा कायद्याने आसपासच्या गावांना मिळतो. परवान्याच्या मोठ्या रकमेतून मात्र गावाकडे जातं ते फारच थोडं, आणि हे मला पटत नाही. केळीची बाग तर त्यांचीच मोडते. कोविडमध्ये पर्यटन थांबलं, तशी गावाची त्यावरची कमाईही थांबली, आणि जून २०२० मध्ये एन्कुरिंगो कळपाचा म्होरक्या, रुपेरी पाठीचा रफिकी, भाल्याने मारला गेला. छोट्या जनावरांच्या शिकारीला जंगलात शिरलेल्या माणसाच्या हातून ते घडलं. त्याला ११ वर्षांची कैद झाली.

बात्वा लोकांचं दुःख याहून जुनं. पिढ्यानपिढ्या याच जंगलात राहिलेला हा समाज, १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा बाहेर काढला गेला. बहुतेकांना ना जमीन मिळाली, ना धड भरपाई. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यांचा नाच दाखवायला कुणी नेलं, तर पैसे कुणाच्या हातात पडतात हे आधी विचार.

चढाईला सुरुवात होते तिथे पाठपिशवी उचलायला गावातले बायका-पुरुष उभे असतात. तुझी पिशवी तुला जड नसली तरी एकाला सोबत घे. ती मजुरी थेट त्याच्या घरात जाते. एंटेबेहून गाडीने जवळजवळ अख्खा दिवस लागतो, तेव्हा आदल्या रात्रीच जंगलाच्या कडेच्या बुहोमाला मुक्कामाला पोच. जाड हातमोजे घे, खाजकुइलीसारख्या झुडपांना धरूनच चढावं लागतं. आणि निघायच्या आठवड्यात घसा जरा जरी दुखला, तरी डॉक्टरकडे जाऊन ये.

तुझी,
मावशी