कोपीवरची शेळी

‘वृद्ध माणसाला कशात तरी गुंतवा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळी फार सहज देतो. औषधाच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ लिहावी तसा. कशात गुंतवायचे, हे विचारले तर जपमाळ, वर्तमानपत्र आणि संध्याकाळचा फेरफटका यांपलीकडे आमची मजल जात नाही. माझीही जात नव्हती.

आई गेली आणि अण्णांनी बोलणे टाकले. वय 81. उभे आयुष्य रेल्वेत गेलेले, तेही मनमाडहून जालना-परभणीकडे जाणाऱ्या मीटरगेजवरच्या लहानसहान स्टेशनांवर. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यात सुरू झालेली ती गाडी नव्वदच्या दशकात रुंद रुळांवर आली. घरात मात्र ती ‘छोटी लाइन’च राहिली. अण्णांचे थायरॉइड, सोडियम, बी-12 मी तपासले. स्मृतीची चाचणी केली. मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने नैराश्याची गोळी सुरू केली. झोप सुधारली, दोन घास जास्त जाऊ लागले. बोलणे काही परत आले नाही.

आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यापुढे आई खेळण्यांची मोठी आरास मांडत असे. त्या वर्षी सण नव्हता. तरी माळ्यावरचा खेळण्यांचा पत्र्याचा डबा ऊन देण्यासाठी माझ्या पत्नीने खाली काढला. दुपारी पाहतो तो अण्णा अंगणात बसून सेलवर चालणाऱ्या आगगाडीचे चाक धोतराच्या सोग्याने पुसत होते.

तेथून हे सुरू झाले. एका जुन्या दारावर आम्ही रूळ ठोकले. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले, 1998 साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय मी पूर्वी पाहिले होते. तेथील उड्डाणपूल, सिग्नल, सर्कस डोळ्यांपुढे होती. पण 1:87 हे छांदिष्टांचे आवडते प्रमाण. त्यात साडेपाच फुटांचा माणूस जेमतेम 19 मिलिमीटरचा होतो. गव्हाचे तीन दाणे एकावर एक ठेवल्याएवढा. कापणाऱ्या हातांना आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना हे झेपणारे नव्हे. आम्ही 1:24 धरले. माणूस सात सेंटिमीटरचा, बोटाएवढा. आपल्या घरी कुणी असे काही करणार असेल, तर प्रमाण मोठेच घ्या. चिमुकली वस्तू हातातून तीनदा पडली की म्हातारा माणूस वस्तूवर नव्हे, स्वतःवर चिडतो.

अण्णांनी स्टेशन केले आणि रुळांपलीकडे, अंबड-घनसावंगीकडे दिवाळीनंतर दिसतो तसा, ऊसतोड कामगारांचा तळ. वाढ्यांनी शाकारलेल्या कोप्या, एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. हे कामगार माझे रुग्ण. ताप आणि कोयत्याच्या जखमा घेऊन येतात. त्यामुळे मला तो तळ पाहून बरे वाटले, पण देखावा कोरडा होता. सगळी मातीची माणसे हात बांधून उभी.

माझ्या मुलाला हे खटकले. अमेरिकेतले छांदिष्ट रुळांकडेला चाकांवरच्या घरांची वस्ती मांडतात, अंगणात गुलाबी प्लास्टिकचे फ्लेमिंगो, दारात मोडकी मोटार आणि आरामखुर्चीत सुटलेल्या पोटाचा गृहस्थ, असे त्याने मोबाईलवर पाहिले होते. त्याने उत्साहाने एक माणूस बनवला आणि बाटलीसह कोपीपुढे आडवा टाकला. आम्ही हसलो, मीही हसलो, हे कबूल करतो.

अण्णांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “ह्याला उचल. त्याची बायको पाणी घेऊन येईल आता.”

कित्येक महिन्यांनी ऐकलेले ते त्यांचे पहिले सलग वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी कोपीवर एक शेळी आली. छपरावर चढून ती छप्परच खात होती. मग तीन मोबाईल घेऊन बाजेवर बसलेला मुकादम, तिन्ही कानाला लावायचे तर कान दोनच. साबणाच्या फेसासकट आईच्या हातून निसटलेले नागडे पोर. फलाटावर अर्धी दाढी झालेला, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल घेऊन गाडीमागे धावणारा प्रवासी. दवाखान्याची पाटी असलेल्या खोलीबाहेर रांग आणि आत टेबलावर डोके ठेवून झोपलेले डॉक्टर. ते कोण, हे मी विचारले नाही.

एकदा तळावरची एक बाई तापाने फणफणलेले मूल घेऊन घरीच आली. औषध घेताना तिची नजर दारावरच्या त्या देखाव्याकडे गेली. मी उगाच संकोचलो. ती मात्र खळखळून हसली. “आमची बी अशीच खाती छप्पर,” म्हणाली, आणि जाता जाता, “पन कोयता कुटंय?” अण्णांनी संध्याकाळपर्यंत पत्र्याचा कोयता कापून कोपीच्या कुडात खोचला. तो दारुडा मला कशासाठी बोचला होता, ते मला तेव्हा नीट कळले.

आता थोडे डॉक्टर म्हणून. उजेड खांद्यामागून, डाव्या हाताला पडेल असा घ्या, डावखुऱ्यांनी उजव्या. अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला, पाय सुजत नाहीत. झटपट चिकटणारा गोंद आणि पाते घरच्या माणसाने हाताळावे. नाण्यासारखे चपटे सेल मोजून कुलपात ठेवा. लहान मुलाने गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या हाती तोंडात जातील असे तुकडे देऊ नका. आणि चालू असलेली गोळी छंद लागला म्हणून बंद करू नका. अण्णांची अजून चालू आहे. काही दिवस ते आजही भिंतीकडे तोंड करून पडून असतात.

रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1963 साली लिहिले होते की, वृद्धांचे जुन्या आठवणींत रमणे हे भरकटणे नव्हे, आयुष्याचा हिशेब लावण्याचा तो त्यांचा मार्ग असतो. मी हे वाचले होते. तरीही अण्णा जुने सांगू लागले की मी घड्याळ पाहत असे.

मागच्या महिन्यात फलाटावर एक नवी बाई उभी राहिली. नऊवारी, एक हात पुढे करून बोटाने सामान मोजणारी. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या, पापडांचा डबा. बदली झाली की आई असेच मोजायची, आणि तिचा एक नग हमखास हरवायचा. गाडी सुटेपर्यंत घरभर आरडाओरडा.

“किती नग, डॉक्टर?” अण्णांनी विचारले.

मी वाकून मोजले. सात.

“आठ,” ते म्हणाले. “तिच्या दुसऱ्या हातातली पिशवी तिला कधीच दिसली नाही.” आणि ते इतके हसले की मला त्यांना पाणी द्यावे लागले.