सातबारा कोरा झाला का?

दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय दिला, ‘मधुमेह बरा होतो का?’ वाचक फराळाचं ताट पुढ्यात घेऊन वाचणार आहेत, फार घाबरवू नका, असंही बजावलं. मी हो म्हणालो, कारण त्याच आठवड्यात एक जुनी फाइल माझ्या टेबलावर परत आली होती. तिच्यात माझ्याच अक्षरात एक शब्द होता: मधुमेहमुक्त.

फाइल सेलूकडच्या एका शेतकऱ्याची. खत-बियाण्यांचं दुकानही आहे. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आले तेव्हा वजन 88 किलो, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी 9.4. गृहस्थ जिद्दीचे. डॉ. श्रीकांत जिचकारांनी सांगितलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेला दोन वेळा जेवण्याचा नेम त्यांनी धरला, पहाटे चालायला लागले. आठ महिन्यांत 15 किलो उतरले. गोळ्या थांबवल्या. चार महिन्यांनी तपासलं तर 5.7. मला इतका आनंद झाला की काय सांगू! तीस वर्षं गोळ्या वाढवण्यातच गेली. कमी करायची वेळ क्वचित येते, बंद करायची तर फारच क्वचित.

‘‘साहेब, सातबारा कोरा झाला का?’’ त्यांनी विचारलं. मी तो शब्द लिहून दिला. गावात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यानंतर तीन वर्षं ते फिरकले नाहीत. आले ते पोत्यांवरची अक्षरं पुसट दिसायला लागली म्हणून. एचबीएवनसी 11 आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर रक्तस्रावाचे ठिपके. ‘तुम्हीच लिहून दिलं होतं ना’ असं ते म्हणाले नाहीत. फाइल मात्र त्याच पानावर उघडून माझ्यापुढे ठेवली.

आता शास्त्र सांगतो. (सोपं लिहायचं कबूल केलंय, ते कितपत पाळलं जाईल कुणास ठाऊक.) 2021 मध्ये अमेरिका, युरोप आणि ब्रिटनमधल्या तज्ज्ञ-संस्थांनी मिळून व्याख्या ठरवली: साखर उतरवणारी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी 6.5च्या खाली असेल, तर त्याला ‘रेमिशन’ म्हणावं. तीन महिनेच का? तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवस. साखर तिला चिकटून राहते, म्हणून जुना साठा बदलल्याशिवाय नवा हिशेब कळत नाही. यात आणखी एक मेख आहे. अंगात लोह कमी असलं की हा आकडा उगाच वर जातो, आणि आमच्या ओपीडीत येणाऱ्या किती बायांचं रक्त भरलेलं असतं? पण हे राहू द्या, वहावत चाललो.

मूळ दुखणं चरबीचं. ती यकृतात साठते, मग स्वादुपिंडात शिरते आणि इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरगळतात. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी ब्रिटनमध्ये काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी देऊन हे तपासलं. वर्षाअखेर 46 टक्के लोक रेमिशनमध्ये होते. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर 86 टक्के. वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत पोचलं ते एवढंच. दोन वर्षांनी 36 टक्के उरले, आणि पुढे ज्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला त्यांच्यात 13, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. शिवाय ते सगळे जाडजूड आणि सहा वर्षांच्या आतले रुग्ण. इन्सुलिन घेणारा त्यात एकही नव्हता.

माझ्याकडे तर काडीसारखी माणसं येतात. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा 2004 सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. दोघांचाही बीएमआय 22.3; पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या 21.2! काट्यावर बारीक दिसणाऱ्याला ‘15 किलो उतरवा’ कसं सांगू? आणि हो, परभणीत ज्वारीचे वाण निघतात म्हणून भाकरी खाणाऱ्याला शुगर होत नाही, हे कृपा करून मला पुन्हा ऐकवू नका.

माझं खरं भांडण त्या ‘मुक्ती’ शब्दाशी आहे. मराठवाड्यात मुक्ती म्हणजे 17 सप्टेंबर 1948. निजामाची राजवट गेली ती गेली. परत आली का बघायला दर तीन महिन्यांनी कुणी हैदराबादला जात नाही. मधुमेहाचं तसं नाही. रेमिशनमध्येही वर्षाला एकदा तरी रक्त, डोळे, लघवीतलं प्रथिन तपासावंच लागतं. ‘रेमिशन’ला मराठी शब्द शोधताना मी आयुर्वेदापर्यंत गेलो. चरकाने प्रमेहाचे तीन वर्ग केलेत: कफज साध्य, पित्तज याप्य, वातज असाध्य. याप्य म्हणजे उपचार आणि पथ्य चालू आहे तोवर दबून राहणारा. मधुमेहाला चरकाने असाध्यात टाकलंय, पण शब्द तर त्याच्याकडेच तयार होता! मी एका सभेत तो सुचवला. एक तरुण सहकारी म्हणाला, ‘‘सर, याप्य म्हटल्यावर कोण गोड सोडेल?’’ तो बोलला ते खरंच होतं. मुक्तीच्या आशेवर माणूस 15 किलो उतरवतो. त्या आशेशिवाय माझे हे गृहस्थ पहाटे उठले असते का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

डोळ्यांवर लेसर झालं. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, वजन सहा किलो उतरलंय. परवा त्यांनी विचारलं, ‘‘आता काय लिहिता?’’ मी म्हणालो, ‘‘सातबाऱ्यावर बोजा नसला तरी जमीन तीच राहते ना? हे पीककर्जासारखं आहे. खातं नवं-जुनं करत राहायचं.’’

‘‘मग मार्चातलीच तारीख द्या,’’ ते म्हणाले. ‘‘बँकेसाठी परभणीला यावंच लागतं.’’