बिरसीच्या लांब शेवया

गोंदियाहून सुमारे १२ किलोमीटर गेलें म्हणजे बिरसी हें गांव लागतें. दोहों बाजूंस धानाच्या बांध्या, आणि पुढें एकाएकीं विमानतळाची लांब धांवपट्टी! दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, इंग्रज सरकारनें ती बांधली. हल्लीं होतकरू वैमानिक तेथें उड्डाणाचे धडे घेतात. डोक्यावरून विमान घरघरत जातें, तरी धान कापणाऱ्या बाया मान वर करीत नाहींत. इतकें तें अंगवळणीं पडलें आहे.

या गांवीं आमचे वडील बंधू राहतात. मातोश्री त्यांच्याकडेच असतात. त्यांचा ८५ वा वाढदिवस म्हणून आम्ही सहकुटुंब गेलों होतों. फिलिपाइन्समधील दवाव शहरीं सहा वर्षें वैद्यकी शिकून पुतण्याही नुकताच परतला होता. परंतु मातोश्रींच्या मनांत एक सल होता. पोरानें परमुलखांत काय खाल्लें, कोणाच्या हातचें खाल्लें, हें तो कधीं नीट सांगत नसे. "वरणभात, आजी," एवढें म्हणून विषय टाळी.

त्या सकाळीं तो म्हणाला, "आजी, आज तिकडे वाढदिवसाला करतात तें मी करतों. यास पान्सित म्हणतात."

हा शब्द मूळचा चीनच्या होक्कियन बोलींतला. झटपट होणारें अन्न, असा त्याचा अर्थ. चिनी व्यापाऱ्यांबरोबर हा पदार्थ त्या बेटांत गेला आणि तिकडचाच होऊन बसला. यांतील शेवया तांदुळाच्या, केंसासारख्या बारीक. धानाच्या मुलखांत त्या परक्या कशा वाटाव्या?

आम्हां आठ माणसांकरितां त्यानें अर्धा किलो शेवया कोमट पाण्यांत दहा मिनिटें भिजत घातल्या. गाजर, फरसबी व कोबी लांब-लांब चिरून, मोठ्या कढईंत तापल्या तेलावर आल्याबरोबर भरभर परतलीं आणि अर्धीं कच्चीं असतांनाच काढून ठेवलीं. त्याच कढईंत तीन पेले पाणी, पांच-सहा मोठे चमचे सोयाबीनचा काळा रस व मिरपूड घालून उकळी आणली व शेवया सोडल्या. पाणी शोषलें जातांच भाज्या पुन्हां मिसळल्या. तिकडे वरून कलमान्सी नांवाचें इवलें लिंबू पिळतात. येथें आपलें लिंबू पिळलें. तिकडे यांत मांस, कोळंबी व माशांचें खारट पाणीही घालतात. तें अर्थातच वगळलें होतें.

वहिनी शेवया मोडूं लागल्या, तों तो म्हणाला, "आई, मोडूं नकोस. लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य, अशी तिकडची समजूत आहे."

मातोश्रींनीं एक घांस घेतला. "तुला कोणीं शिकविलें हें?"

पुतण्या क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "घरमालकिणीनें. पहिल्या वाढदिवशीं मी खोलींत एकटाच बसलों होतों. तिच्या घरीं मांसमच्छी रोजची. पण माझ्यासाठीं तिनें नवी कढई आणली आणि नुसत्या भाज्यांचें पान्सित केलें. पुढें दरवर्षीं करीत असे."

"मग इतके दिवस सांगितलें कां नाहींस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वेड्या! त्या दिवशीं तूं उपाशी निजला असतास, तर मला वाईट वाटलें असतें."

आम्हीं माना खालीं घातल्या. परदेशीं जाणाऱ्या मुलांना आपण शंभर प्रश्न विचारतों. पण त्यांना खरें उत्तर देतां येईल असा आपला चेहरा मात्र ठेवीत नाहीं.

जेवणें आटोपल्यावर मातोश्रींनीं उन्हाळ्यांत पाटावर वळलेल्या शेवयांचा डबा काढवून पुतण्यापुढें ठेवला.

"या त्या बाईला पाठव," त्या म्हणाल्या, "आणि लिहून कळव, आमच्या शेवया मोडल्या तरी चालतात, दुधांत शिजवाव्या."