लोण

मराठी भाषेला अटीतटीच्या सामन्यापेक्षा दारुण पराभवाचे वर्णन करणे अधिक रुचत असावे. धुव्वा उडतो, फडशा पडतो, धूळ चारली जाते, चारी मुंड्या चीत होतात. पत्त्यांच्या डावात चारही दश्श्या एकाच बाजूने ओढल्या की त्या अपमानाला 'मेंढीकोट' असे स्वतंत्र नाव आहे, आणि त्या नावावरूनच तो खेळ ओळखला जातो. या साऱ्यांवर कळस म्हणजे 'पानिपत'. शाळेच्या मैदानावर एखादा संघ फार गुणांनी हरला तरी त्याचे पानिपत झाले असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई एकतर्फी मुळीच नव्हती. दुपारपर्यंत तिचे पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे सांगता येत नव्हते. परंतु भाषेने लढाई विसरून निकाल तेवढा जपून ठेवला. एकतर्फी सामन्याच्या बाबतीत नेहमी हेच घडते. निकाल उरतो, खेळ कसा झाला, हरणाऱ्याने तो वेळ कसा काढला आणि जिंकणाऱ्याने आपल्या बळाचे काय केले, हे प्रश्न उरत नाहीत.

या प्रश्नांचा विचार करायला जबलपूर हे गाव सोयीचे आहे. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग येथे एकमेकांना मिळाले. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, आणि पुढे त्याच्या जोडीला संरक्षणसामग्रीचे इतर कारखाने आले. अंमल, आगगाडी आणि कारखाना या तीन वाटांनी आलेली मराठी कुटुंबे येथे हिंदी, बंगाली, तमिळ शेजाऱ्यांसह राहिली. छावणीमुळे हॉकी आली, मराठी घरांबरोबर हुतुतू आला, आणि क्रिकेट सर्वत्र आले तसे येथेही आले. एकाच मैदानावर निरनिराळ्या खेळांची निरनिराळी नीती शेजारी शेजारी नांदावी, अशी ही जागा.

याच जबलपुरात १९०८ मध्ये रूपसिंह यांचा जन्म झाला. ध्यानचंद यांचे हे धाकटे बंधू. हॉकीच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध एकतर्फी सामना त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीसाठी अवघे तीन देश उतरले: भारत, जपान आणि यजमान अमेरिका. जागतिक मंदीच्या त्या वर्षात इतका दूरचा प्रवास फार थोड्यांना परवडण्याजोगा होता. भारताच्या वाट्याला दोनच सामने आले. ४ ऑगस्टला जपानविरुद्ध ११–१ आणि ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध २४–१. त्या चोवीसपैकी दहा गोल एकट्या रूपसिंहांचे, आठ ध्यानचंदांचे. दोन सामन्यांतील पस्तीसपैकी पंचवीस गोल या दोन भावांनी केले. अमेरिकेच्या एकुलत्या एका गोलाबद्दल अशी कथा सांगतात की, तो झाला त्या वेळी भारताचा गोलरक्षक रिचर्ड ॲलन गोलजाळ्यामागे प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देत होता. ही कथा खरी असो वा नसो, ती ज्या आवडीने सांगितली जाते त्यात एकतर्फीपणाचे एक मर्म आहे. जिंकणाऱ्याचे बेफिकीर होणे आपल्याला मौजेचे वाटते. समोरच्याने ते पाहिले असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

अमेरिका दोन्ही सामने हरली, आणि तीनच संघ असल्याने कांस्यपदक घेऊन घरी गेली. या पदकाची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ते अकरा खेळाडू मैदानावर उभे राहिले नसते, तर चोवीस गोलांचा विक्रम कोणाविरुद्ध झाला असता? विक्रमाला प्रतिस्पर्धी लागतो, आणि विक्रम जितका मोठा तितकी प्रतिस्पर्ध्याची सोशिकता मोठी. दहावा गोल झाल्यावर, पंधरावा झाल्यावर, विसावा झाल्यावर चेंडू पुन्हा मध्यरेषेवर आणून ठेवण्याचे काम त्यांनीच केले. हॉकीत या काळासाठी कोणतीही तजवीज नाही. तेथे दुबळ्याला तारणारा एकच देव, तो म्हणजे घड्याळ.

इतर खेळांनी मात्र या प्रश्नाचा विचार केलेला दिसतो, आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. सॉफ्टबॉल हा अमेरिकेत १८८७ मध्ये शिकागो येथे बंदिस्त जागेत जन्मलेला खेळ. त्यात ठरावीक डावांनंतर धावांचे अंतर ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सामना तेथेच थांबवण्याचा नियम आहे. त्याला बोलीत 'मर्सी रूल', म्हणजे दयेचा नियम, असे म्हणतात. ही दया म्हणजे सुटका: पुरे झाले, घरी जा. क्रिकेटने याच्या अगदी उलट मार्ग पत्करला. पाच दिवसांच्या सामन्यात पहिल्या डावात दोनशे धावांनी मागे पडलेल्या संघाला प्रतिपक्षाचा कर्णधार लगेच पुन्हा फलंदाजीला पाठवू शकतो. 'फॉलोऑन' हा शब्द मराठी कानांना शिक्षेसारखा वाटतो. पण तीत एक संधी दडलेली असते. मार्च २००१ मध्ये कोलकात्यात भारत ऑस्ट्रेलियापेक्षा २७४ धावांनी मागे पडला, पुन्हा फलंदाजीला उतरला, लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० धावा काढल्या, आणि भारताने तो सामना १७१ धावांनी जिंकला. शिक्षा म्हणून दिलेल्या डावातच शिक्षा करणारा बुडाला.

कबड्डीचे उत्तर या दोहोंहून निराळे आणि अधिक खोल आहे. एका संघाचे सातही गडी बाद झाले की त्यांच्यावर लोण चढते. विजयी पक्षाला दोन गुण अधिक मिळतात. येथवर हा नियम पराभवावर मीठ चोळणारा वाटतो. परंतु त्याच क्षणी बाद झालेले सातही गडी पुन्हा उठून आपल्या अंगणात उभे राहतात. गुणफलक अधिक निर्दय होतो आणि मैदान पुन्हा समान होते. जुन्या काळी या खेळाचे तीन प्रकार रूढ होते. 'अमर' प्रकारात स्पर्श झालेला गडी बाहेर जातच नसे, नुसता गुण नोंदला जाई. 'गामिनी'त बाद झालेला गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. 'संजीवनी'त समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. आजच्या कबड्डीत संजीवनीचेच तत्त्व मुख्य आहे. शुक्राचार्य आणि कचाची कथा ज्यांनी महाभारतात वाचली, किंवा खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) या नाटकातून जाणली, त्यांना या नावातील अर्थ वेगळा सांगायला नको. मरण्याची नोंद होते, पण मरण कायमचे नसते, असे मानणारा हा खेळ आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जेव्हा त्याचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हा अमरावती आणि जबलपूर ही एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडातील गावे होती. त्याच ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या मैदानावर रूपसिंहही खेळत होते.

नियमांतील दया आणि खेळाडूच्या मनातील दया या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. जबलपुरातील एका कारखान्याच्या वसाहतीत, थंडीच्या दिवसांत, शनिवारी दोन आणि रविवारी दोन असे कबड्डीचे चार सामने ठरले होते. एका बाजूला शेजारच्या मोहल्ल्यातील तालमीची विशीतली मुले, दुसऱ्या बाजूला चाळिशी ओलांडलेले कारकून आणि कारागीर. शनिवारचा पहिला सामना ६१–१७ असा झाला, दुसरा ५४–१२. संध्याकाळी हरलेल्या संघाच्या कर्णधाराने गुणलेखकाला कळवले की, उद्या आमचा संघ येणार नाही. गुणलेखक त्याच वसाहतीतील निवृत्त गृहस्थ, मूळचे नागपूरकडचे. त्यांना वाटले, पराभव जिव्हारी लागला असावा. चौकशी केली तेव्हा वेगळेच निघाले. दुसऱ्या सामन्यात चढाईला आलेला एक मुलगा या कर्णधाराच्या अगदी जवळ आला होता. हात लांबवला असता तर गुण नक्की होता. त्याने हात लांबवला नाही. क्षणभर पाहिले आणि तो माघारी वळला. मैदानाच्या दोरीपाशी कर्णधाराचा शाळकरी मुलगा उभा होता आणि त्याने ते पाहिले होते. कर्णधाराचे म्हणणे एवढेच होते की, चव्वेचाळीस गुणांनी हरलो काय नि बेचाळीस गुणांनी हरलो काय, मुलाला ते समजावून सांगता येते. पण ते वळणे कसे समजावून सांगायचे?

योगायोग असा की, थोड्या वेळाने विजयी संघाचा पोरसवदा नायकही त्याच गुणलेखकाकडे आला. त्याचा प्रश्न होता, "काका, कल थोडा हल्का खेलें क्या?" त्याच्या मनात दुष्टावा नव्हता, वडीलधाऱ्यांचा फार पराभव करणे त्याला बरे वाटत नव्हते. गुणलेखक म्हणाले, "हलके खेळायचे असेल तर घरी कॅरम आहे. उद्या यायचे तर पुरे खेळायला या." आणि हाच निरोप त्यांनी कर्णधारालाही धाडला: उद्या कोणी वळणार नाही. रविवारी चाळिशीचा संघ आला. पहिला सामना ५८–२० असा गेला आणि शेवटचा सर्वांत वाईट, ६३–१४. त्या एका सामन्यात त्यांच्यावर पाच वेळा लोण चढले; याचा अर्थ असाही होतो की ते पाच वेळा सगळेच्या सगळे उठून उभे राहिले. पुढच्या शनिवारी, कोणी न बोलावता, तेच सात गडी पुन्हा मैदानावर होते.

या घटनेतून जे हाती लागते ते थोडक्यात असे म्हणता येईल: दया नियमात असावी, खेळाडूच्या हातात नसावी. नियमातील दया सर्वांना सारखी असते, आधीपासून ठाऊक असते आणि तिच्यामुळे कोणी कोणाचा ऋणी होत नाही. खेळाडूने केलेली दया मात्र दोघांमध्ये पायरी निर्माण करते. ज्याच्यावर ती होते तो प्रतिस्पर्धी राहत नाही, आश्रित होतो. रूपसिंहांनी पाचव्या गोलानंतर काठी खाली ठेवली असती, तर समोरच्या अमेरिकनांना ते सौजन्य वाटले असते की अवहेलना? चोवीस गोल स्वीकारणे कठीण आहे. पण ते चोवीसही खरे होते, आणि म्हणूनच त्यांनी केलेला एक गोलही खरा मानता येतो. स्वाक्षऱ्यांची कथा सलते ती याचसाठी. ती त्या एका गोलाचे खरेपण हिरावून घेते.

पारडे फिरते हेही येथे विसरून चालणार नाही. पन्नास वर्षांनंतर, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, आपल्याच प्रेक्षकांसमोर भारत पाकिस्तानकडून ७–१ असा हरला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी भारताचा हॉकीसंघ पात्रदेखील ठरला नाही. मग २०२३ मध्ये हांगझाऊ येथे त्याच पाकिस्तानला भारताने १०–२ असे हरवले. या आकड्यांत सूड शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांतून निघणारा साधा अर्थ असा की, दोन्ही संघ मधल्या सगळ्या वर्षांत खेळत राहिले. ज्याने पराभवानंतर काठी टाकली, त्याच्यासाठी पारडे फिरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी आपल्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला १७५–१८ असे हरवले. पुढे अंतिम सामन्यात नेपाळविरुद्धचा निकाल ७८–४० इतक्या अंतराचा होता. आपल्या वृत्तपत्रांना स्वाभाविकपणे १७५ चे कौतुक वाटले. परंतु ज्या मुली आपल्या अंगणात न वाढलेला हा खेळ शिकून, एवढा प्रवास करून, तो ज्यांच्या हाडीमाशी खिळला आहे अशांसमोर उभ्या राहिल्या, त्यांचे १८ गुण वाचण्याची दृष्टी आपल्याकडे फारशी नाही.

'लोण' हा शब्द कबड्डीआधी आट्यापाट्यांचा. सगळ्या पाट्या ओलांडून परतणारा गडी लोण घेऊन येतो, आणि 'लोण पोहोचवणे' हा आपला वाक्प्रचार त्या खेळातूनच आला असे सांगतात. आज आपण तो फॅशनसाठी आणि रोगराईसाठी वापरतो: अमुक गोष्टीचे लोण खेड्यापाड्यांत पोहोचले. खेळाच्या बाबतीतही तो शब्द चालवता येईल, फक्त ते लोण कोण पोहोचवतो हे नीट पाहिले पाहिजे. जिंकणारे बहुधा खेळाच्या जन्मगावी असतात. नव्या गावात आणि नव्या भाषेत तो नेतात ते शंभर गुणांनी हरून परत गेलेले, आणि पुढच्या वेळी पुन्हा यायचे म्हणून आपल्या अंगणात रेषा आखणारे.